दारातला उतार

"चालता येत न्हाय तर पोरीला घरातच ठेवायचं ना. रस्त्यावर कशाला आणायची?"

सायेब आसं म्हणलं. इंदापुरात, कचेरीत, सगळ्यांच्या म्होरं. पोरगी माझ्या मांडीवर हुती. आठ वर्साची हाय, सगळं कळतं तिला. तिनं माझ्या पदरात त्वांड खुपसलं.

आमी काय बंगला मागत न्हवतो. घराला दोन पायऱ्या. तितं सिमिटाचा उतार केला, तिची चाकाची खुर्ची सरळ खाली जावी, शाळंला जाता यावं म्हणून. घरापुढं जी जागा मोकळी सोडावी लागती, त्यात तो गेला. नोटीस आली, पाडा म्हणून. आमी नियमातनं सूट मागितली. सायेब म्हणलं, शेजाऱ्याची हरकत नसंल तर बघू.

शेजारी म्हंजी तात्या. मग मला कसलं भ्या? उतार बांधताना तात्यांनीच दोरी धरली हुती. "बांध गं पोरी, मी हाय की."

सायबानं तात्यास्नी बी कचेरीत बोलावलं हुतं. मी म्हणलं, "तात्या, सांगा की सायबास्नी."

तात्या माझ्याकडं बघंनात. "हरकत हाय. रस्ता अडतुया."

रस्ता! ह्यांचा ट्रॅक्टर आर्ध्या गल्लीत उभा आसतो.

बाहेर आल्यावर मी पाय धरलं त्यांचं. खरंच धरलं. "काय चुकलं माझं, तात्या?"

हळूच म्हणलं, "आगं, नातीला बघाया पावणं येणार हायती. शेजारी आसली पोरगी दिसली की लोकं शंभर इचारत्यात. लगीन हुस्तवर मागल्या दारानं ने तिला."

मागल्या दाराला उघडं गटार हाय. तात्यास्नी ठावं हाय.

नववीतनं शाळा सुटली माझी, मोठ्या मान्साला उलटून कधी बोलले न्हाय. पर पोरगी ऐकत हुती. त्वांडातनं निगालंच, "पावणं येऊ द्यात तात्या. माझी पोरगी म्होरल्या दारातच बसंल."

"लई शानी झालीस व्हय गं?"

व्हय. झाले.

तात्यांच्या हरकतीवर सोमवारी सुनावणी हाय. भ्या वाटतंय. आमचं मालक म्हणत्यात, तात्यांशी वाकडं नगं. पर मी जाणार, पोरीला घिऊनच जाणार. कचेरी वरच्या मजल्यावर हाय, नुसता जिना. मागल्या बारीला मी तिला उचलून वर नेली. आता नेणार न्हाय. आमी खाली थांबणार, जिन्यापाशी, ती खुर्चीत आन मी उभी. ज्याला सुनावणी घ्यायची त्यानं खाली यावं.