भावनगर एका रात्रीवर

ती घटना आठवली की आजही आधी गोंधळायला होतं आणि मग स्वतःचाच राग येतो. मी सुरतेत ठाणे अंमलदार होतो. कतारगामच्या एका कारखान्याच्या तिजोरीतून हिऱ्यांची पुडी गेली. कुलूप शाबूत, म्हणजे चोर आतलाच. खबऱ्यानं रखवालदाराचं नाव दिलं. नवागामात राहणारा खानदेशी माणूस, साधा, घाबरट. काम फत्ते, असं वाटलं.

रखवालदार मात्र एकच धरून बसला. "मालकाचा भाचा चोरीच्या दिवशी सकाळी सातला आत गेला. मन्हा डोयाघाई देखं, साहेब!" स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, म्हणे.

भाच्याला बोलावलं. तो हसला. "साहेब, हूं तो भावनगर हतो." आदल्या संध्याकाळी बसनं जातो म्हणून तो घरून निघाला होता. सकाळी दहाला भावनगरात बहिणीकडे पूजेला बसल्याचा फोटो होता आणि साक्षीला घरभर नातेवाईक. मी फोन करून खातरजमा केली. सुरतेत भावनगर कोणी किलोमीटरांत मोजत नाही. संध्याकाळी बसमध्ये बसायचं, सकाळी उतरायचं. एक रात्र, एवढंच अंतर. सातला इथं आणि दहाला तिथं? शक्यच नाही! रखवालदार थापा मारतोय, असं मी ठरवूनच टाकलं. त्याला दमात घेतलं, दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. गडी रडला, पण शब्द बदलेना. खोटं बोलणारा दुसऱ्या दिवशी काहीतरी फिरवतोच. हा का फिरवत नव्हता, मला काही कळेना.

त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून असायची. मला अडवून म्हणाली, "साहेब, पोरनी सोयरीक जमेल शे. परवा पाहुणे येणार. चोराच्या घरी कोण पाय ठेवील?" मी तिला वळसा घालून आत गेलो.

अहवालात अंतर लिहायचं होतं. ठाण्याचं लिखाण सांभाळणाऱ्या रायटरनं नेटवर पाहून सांगितलं, "साहेब, शंभरच्या आसपास."

"वेडा झालास का? साडेतीनशेच्या वर आहे!"

पाहतो तर एकाच पानावर दोन्ही आकडे. विमानानं एवढं, रस्त्यानं तेवढं. त्याच दोन शहरांत इतका फरक? डोकं चक्रावलं. नकाशा उघडला. मधे खंभातचं आखात! रस्ता त्याला वळसा घालतो, विमान सरळ पलीकडे जातं. आणि त्या दिवसांत सकाळचं एक छोटं विमान भावनगरला जात असे. प्रवाशांची यादी मागवली. भाच्याचं नाव होतं. यादी समोर ठेवताच त्याचा चेहरा उतरला. रात्र त्यानं सुरतेतच मित्राकडे काढली होती. पुडी बहिणीच्या घरी, त्याच्या बॅगेत मिळाली.

मी फोटो तपासला, साक्षीदार तपासले. स्वतःच्या डोक्यात पक्कं बसलेलं तेवढं तपासलं नाही. त्यापायी एका खऱ्या माणसाला दोन दिवस खोटं ठरवलं. त्याची आजही लाज वाटते.

रखवालदाराला "जा आता" म्हणालो. बायको जागची हलेना. "जीपमध्ये घातलं ते साऱ्या गल्लीसमोर. आता सांगा पण गल्लीसमोर."

गेलो. वर्दीत उभा राहिलो. म्हणालो, "हा माणूस चोर नाही. चूक माझी झाली." मी जीपकडे वळलो, तेव्हा रखवालदार हळूच म्हणाला, "साहेब, परत एकदा सांगा. मागच्या घरांना ऐकू नाही गेलं."

मी परत सांगितलं, मोठ्यानं.