ती पोचली की नाही

डायलिसिसला बसलेल्या माणसाचा एक हात मशीनला बांधलेला असतो. दुसरा हात मोकळा असतो आणि तोंड तर मोकळंच असतं. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. आता किस्से साठणार नाहीत तर काय होणार? घरी मी सांगायला लागले की नवरा विषय बदलतो. त्याला त्यात फक्त हॉस्पिटल ऐकू येतं. म्हणून तुम्हाला सांगते. यातले बहुतेक किस्से एका सायन्स फिक्शन मालिकेच्या शेवटावरून घडले, आणि त्या शेवटाचा निकाल काही अजून लागलेला नाही.

आधी माणसं सांगते. मी नाशिक रोडला शाळेत इंग्रजी शिकवते, म्हणून वॉर्डात 'मॅडम'. माझ्या डावीकडे रफीकभाई, जुन्या नाशकात त्यांचं गाद्यांचं दुकान. उजवीकडे पोपटराव, घोटीजवळच्या गावचे. भाताची गिरणी चालवायचे, आता मुलगा चालवतो. खिडकीपाशी प्राची, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असताना किडन्या गेलेली. आणि आम्हाला सुया टोचणारा टेक्निशियन योगेश. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळची शिफ्ट.

*

मालिका आणली प्राचीनं. इअरफोन घालून ती एकटीच बघायची आणि मधेच दचकायची. ती दचकली की हात हलायचा, हात हलला की मशीन बोंबलायचं आणि योगेश धावत यायचा. शेवटी वैतागून त्यानं तिचा मोबाइल भिंतीवरच्या टीव्हीला जोडून दिला. म्हणाला, आता सगळ्यांनीच दचका.

गोष्ट अशी, की लांबच्या ग्रहावर गेलेलं एक यान पृथ्वीकडे परत निघालंय. वाटेत बिघाड होतो, बाकीचे मरतात आणि व्हेरा नावाची एकटी बाई उरते. हवा मोजकी, पाणी मोजकं. मालिका हिंदीत डब केलेली होती, त्यामुळे सगळ्यांना कळायची. पोपटरावांनी पहिल्याच दिवशी तिला व्हेराबाई करून टाकलं.

तुम्हाला कदाचित माहीत नसेल, आम्हाला पाणी मोजून प्यावं लागतं. लघवी होत नाही, त्यामुळे प्यालेलं सगळं अंगात साठतं, मग श्वास लागतो. तहान मात्र सगळ्यांसारखीच लागते. तर एका भागात यानातला कॉम्प्युटर व्हेराला सांगतो की आजपासून तुला दिवसाला फक्त एक लिटर पाणी. ती तोंडावर हात धरून हमसून हमसून रडते. मागे व्हायोलिन वगैरे.

मग पोपटराव म्हणाले, "एक लिटर? बाईची चैन हाय."

*

शेवटचा भाग आम्ही एका शुक्रवारी बघितला. व्हेराचं यान कुठंतरी आदळतं. टाकीतली हवा संपल्याचा लाल दिवा लागलेला असतो. ती सरपटत दारापाशी जाते, सगळा जोर लावून दार उघडते. बाहेरून पांढरा उजेड आत येतो. ती हेल्मेट काढते. लांबून कोणीतरी तिला नावानं हाक मारतं. आणि पडदा काळा होतो.

पोपटराव ओरडले, "योगेश, जनरेटर बघ!"

त्यांना वाटलं लाईट गेली. आणि डायलिसिसवर असताना लाईट जाणं म्हणजे काय, ते आम्हालाच माहीत. तुमचं रक्त बाहेर नळ्यांमध्ये असतं. रफीकभाई डोळे मिटून पुटपुटायला लागले. मी माझ्या नळीकडे बघत बसले. योगेश पळत आला, बघतो तर पंखे चालू, ट्यूबलाईट चालू, मशीनं चालू. त्यानं सगळ्यांना शांत केलं. सांगितलं की काका, लाईट आहे, मालिका संपली.

पोपटरावांना ते काही केल्या पटेना. "संपली कशी? बाई अजून दारात उभी हाय."

*

दुसऱ्या खेपेपासून भांडणं सुरू झाली. प्राचीनं इंटरनेटवरच्या सगळ्या थिअऱ्या वाचून आणल्या होत्या. एक म्हणजे ती पृथ्वीवर पोचली. दुसरी, ती यानातच मेली आणि दार, उजेड, हाक हे सगळं हवा कमी पडल्यामुळे झालेले भास. तिसरी सगळ्यात भयंकर होती, की ती मधल्या बिघाडात बाकीच्यांबरोबरच मेलेली होती आणि आपण निम्मी मालिका एका मेलेल्या बाईची बघितली. ही तिसरी ऐकून पोपटराव प्राचीवर दोन खेपा रागावले होते.

रफीकभाईंचं मत पहिल्यापासून पक्कं. हवा खतम, बात खतम. वरून हाक आली, ती गेली. पोपटरावांचं मत त्याच हाकेवरून नेमकं उलटं होतं. हाक मारायला तिथं माणूस पाहिजे. माणूस हाय म्हंजे गाव हाय. गाव हाय म्हंजे ती पोचली.

मी मधे पडायचे नाही.

एका बुधवारी आवाज फारच चढले. रफीकभाईंचं ब्लडप्रेशर वाढलं, योगेश ओरडला, तरी ते थांबेनात. एक हात मशीनला, दुसऱ्याला ब्लडप्रेशरचा पट्टा, म्हणून मान नाचवत म्हणाले, "अहो, ती मेली आहे. सगळ्यांना माहीत आहे मेली आहे. तुम्हीच तेवढे मानत नाही."

नेमका तेव्हाच नवीन डॉक्टर राउंडला आला होता. पोरगेलासाच होता. तो दारातच थबकला, चेहरा उतरला. हळूच योगेशला म्हणाला, "कोणत्या बेडची?"

*

आमच्यात देवरे काका म्हणून एक होते. प्राचीच्या पलीकडचा बेड. एका सोमवारी तो बेड रिकामा दिसला.

वॉर्डात रिकाम्या बेडबद्दल विचारायचं नाही अशी रीत आहे. तरी कोणी विचारलंच तर योगेश सांगतो, शिफ्ट बदलली. आणि सगळे समजून जातात. देवरे काकांबद्दलही त्यानं तेच सांगितलं, आम्हीही तेच समजलो. रफीकभाईंनी हात मोकळा होईपर्यंत थांबून दुवा मागितली.

पुढच्या रविवारी मी पंचवटीत भाजी घ्यायला गेले, तर समोर देवरे काका. मेथीची जुडी हातात, भाजीवालीशी घासाघीस चाललेली. मेथी आम्हाला खायला बंदी आहे. मी विचारलं, काका, तुम्ही? तर म्हणाले, अहो, शिफ्ट बदलली ना माझी, योगेशनं सांगितलं नाही का?

सांगितलं होतं. आम्ही मानलं नव्हतं.

सोमवारी मी हे वॉर्डात सांगितलं तेव्हा पोपटराव इतके खूश झाले की जणू व्हेराबाईच भाजी घेताना सापडली होती. रफीकभाईंना म्हणाले, तुम्ही दुवा करून मोकळे झालात, मानूस तिकडं मेथी घेतोय.

रफीकभाईंनी मोकळ्या हातानं चादर सारखी केली. मग म्हणाले, "दुवा वाया जात नाही. पुढे कामाला येते."

दिवाळीच्या आसपास ती देवरे काकांच्या कामाला आली.

*

मग बातमी आली की मालिकेचा पुढचा सीझन निघणार नाही. कंपनीनं बंद केली. म्हणजे व्हेरा कायमची त्या दारात. मला वाटलं होतं प्राची हसण्यावारी नेईल, पण ती फार चिडली. असं कोणाला अर्धवट सोडून जातात का, म्हणाली. आणि मग चादर तोंडावर ओढून घेतली. मशीन सुटेपर्यंत तिनं ती काढली नाही.

तिची ट्रान्सप्लांटची तारीख तेव्हा जवळ आली होती. आईची किडनी जुळली होती. आई तिला सोडायला यायची, घाईघाईत डबा ठेवून कामावर पळायची. बापाचा पत्ता नव्हता. आमच्यापैकी ट्रान्सप्लांट फक्त तिचंच होणार होतं. मला शुगर, पोपटरावांचं वय झालेलं, रफीकभाईंचं हृदय अशक्त. त्यामुळे ती जणू आम्हा सगळ्यांच्या वतीनं निघाली होती.

शेवटच्या खेपेला मी तिला विचारलं, की इतक्या थिअऱ्या सांगितल्यास, पण तुझी स्वतःची कोणती?

ती म्हणाली, "बदलते, मॅडम. शुक्रवारी ती पोचते. सोमवारी मरते."

आमच्या शिफ्टला शनिवार-रविवार मशीन नसतं. सोमवार उजाडेपर्यंत अंगात काय काय साठतं, ते मला समजावून सांगायची गरज नव्हती.

*

ऑपरेशन चांगलं झालं. थोड्या दिवसांनी तिनं योगेशच्या मोबाइलवर एक व्हिडिओ पाठवला. त्यानं तो टीव्हीवर लावला. प्राची खुर्चीत बसलेली, तोंड औषधांनी थोडं सुजलेलं, हातात स्टीलचा मोठा तांब्या. तिनं तांब्या तोंडाला लावला आणि प्यायला लागली.

पीतच राहिली. अख्खा वॉर्ड तिच्या गळ्याकडे बघत होता. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं आणि ती पुसतही नव्हती. माझ्या शेजारून रफीकभाईंचा आवाज आला, "धीरे, बेटा. धीरे." जसं काही तिला ऐकूच जाणार होतं. तांब्या उपडा करून तिनं रिकामा दाखवला आणि हसली. पोपटरावांनी योगेशला परत लावायला सांगितलं. त्या सकाळी आम्ही तो व्हिडिओ किती वेळा बघितला कोण जाणे.

महिना गेला असेल नसेल, तिला इन्फेक्शन झालं. ट्रान्सप्लांटनंतर औषधांनी प्रतिकारशक्ती दाबून ठेवलेली असते, त्यामुळे साधा तापही झेपत नाही. पुण्याला हलवलं. आम्हाला अधूनमधून कळायचं, मग कळेनासं झालं.

एका बुधवारी योगेश आला आणि आमच्या सुया टोचायला लागला. माझी दुसरी सुई चुकली. त्याची सुई कधी चुकत नाही. पोपटरावांनी त्याला विचारलं की प्राचीनं शिफ्ट बदलली का रे. त्यांना तसं उत्तर हवं होतं, ते त्यांच्या आवाजातच होतं.

योगेशनं मान हलवली. नाही म्हणाला.

त्यानंतर शेवटाचं भांडण कोणी काढलं नाही. टीव्हीवर बातम्या चालू असायच्या, आवाज बंद करून.

*

पावसाळा संपता संपता प्राचीची आई वॉर्डात आली. एक हात कमरेवर, टाके घातलेल्या बाजूला. डायलिसिसला थंडी वाजते म्हणून प्राची घरून एक जाड ब्लँकेट आणायची, ते धुऊन, घडी घालून घेऊन आली होती. कोणाला तरी द्या म्हणाली. योगेशनं घेतलं. खिडकीपाशी आता दुसरंच कोणी होतं, झोपलेलं, म्हणून तिला रफीकभाईंच्या बेडजवळ स्टूल दिलं.

ती बसली. मग पर्समधून प्राचीचा मोबाइल काढला. म्हणाली, ही सारखी म्हणायची, आई, एकदा शेवट बघ ना, मग आपण बोलू. मला कधी वेळच झाला नाही. यात कुठंतरी आहे, पण मला सापडत नाही.

मी एका हातानं शोधून दिला. तिनं मोबाइल रफीकभाईंच्या गादीवर टेकवून धरला आणि बघायला लागली. आधीची गोष्ट तिला ठाऊक नव्हती, पण तिनं काही विचारलं नाही. मधे एकदाच, आवाज मोठा करता करता म्हणाली की शेवटी तिच्याजवळ जाऊ दिलं नाही, इन्फेक्शनमुळे. काचेतून दाखवलं. तोंडावर मास्क होता.

यान आदळलं. लाल दिवा लागला. व्हेरा सरपटत दारापाशी गेली.

त्या प्रसंगात कॅमेरा तिच्या मागं आहे. दार उघडताना, हेल्मेट काढताना, हाक ऐकताना, सगळा वेळ ती पाठमोरी दिसते. चेहरा एकदाही येत नाही. आम्ही तो शेवट इतक्या वेळा बघितलेला, की आम्हा तिघांनाही हे पाठ होतं.

पडदा काळा व्हायच्या आत प्राचीच्या आईनं बोट ठेवलं. चित्र थांबलं. तिनं मोबाइल लांब धरून बघितला, जवळ आणून बघितला.

"जवळचा चष्मा घरी राहिला माझा," ती म्हणाली. "तोंड दिसत नाहीये मला तिचं. घाबरलीय का ती?"

मी पोपटरावांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

रफीकभाईंनी मोकळा हात पुढे केला आणि मोबाइल मागून घेतला. डोळ्यांपाशी नेला. नीट बघितलं, घाई केली नाही.

"नाही, ताई," ते म्हणाले. "हसतेय."