पाण्यावर उतरणारी विमानं

उजाडताना तलाव आरशासारखा निश्चल होता. म्हातारा नावाडी रिकामी होडी गोल गोल वल्हवत होता.

"काका, मासे धरताय?" मी काठावरून विचारलं.

"नाही हो. पाणी हलतं ठेवतोय."

पूर्वी इथे थेट पाण्यावर विमानं उतरायची. पाणी असं स्तब्ध असलं की आभाळ कुठे संपतं आणि पाणी कुठे सुरू होतं तेच वैमानिकाला कळायचं नाही. म्हणून विमान यायच्या आधी काकांचे वडील होडी फिरवून लाटा उठवायचे.

"एका सकाळी बाबांना उशीर झाला," एवढंच काका म्हणाले.

ती विमानं केव्हाच बंद झाली. वडीलही गेले. पण काही कामं माणसाबरोबर संपत नाहीत. चुकलेली तर नाहीतच.

होडी काठाला लागली. लाटा विरल्या, पाणी पुन्हा गुळगुळीत झालं, आणि आम्ही दोघांनीही घाबरून वर पाहिलं.