आधी हलताना बघा

"या, या, आधी या! बोलू नंतर." असं म्हणत त्या थेट मनगटच धरायच्या. समोर मोठे साहेब असोत नाहीतर झाडू मारणाऱ्या अक्का, पकड तीच. ओढत मायक्रोस्कोपपाशी न्यायच्या, स्टुलावर बसवायच्या आणि पाठीमागून विचारायच्या, "हलतंय ना? दिसलं ना?" आपल्याला काही दिसायच्या आधीच त्यांचा चेहरा फुललेला असायचा.

धुळ्याच्या आमच्या रुग्णालयात त्या पॅथॉलॉजिस्ट होत्या आणि मी दुर्बीण घालून पोट तपासणारा डॉक्टर. त्यांचं माहेर फैजपूरचं, उंची बेताची, पन्नाशी ओलांडलेली. सगळे त्यांना मॅडम म्हणायचे. नव्वदच्या आसपासचा काळ. पोटातल्या अल्सरला तिखट आणि काळजी कारणीभूत असते, असंच आम्ही शिकलो होतो. त्यामागे एक जंतू असतो, ही बातमी आमच्यापर्यंत पोचली होती. पण फार कुणी मनावर घेतली नव्हती. मॅडमनी घेतली.

"अहो, पोटात ॲसिड असतं. तिथं जंतू राहील कसा?" आमचे सर्जन हसून म्हणाले.

"राहतो कुठे? पळतो!" मॅडम म्हणाल्या. "ॲसिडातून निसटतो आणि पोटाच्या आतल्या चिकट थरात घुसतो. दुसरे जंतू तिथं रुततील. हा मळसूत्रासारखा गरगरत आत जातो."

त्याच सुमारास पिंपळनेरच्या एसटी गाडीवरचे एक ड्रायव्हर दाखल झाले. त्यांना नाना म्हणत. अल्सर जुना, आणि आता रक्ताची उलटी झालेली. सर्जननी पोटाचा भाग काढायचं ठरवलं. नानांना वेदनेपेक्षा दुसरीच भीती होती. मला म्हणाले, "सायेब, पोट कापं तं मंग मी गाडी चालाडसू का?"

मी हे मॅडमना सांगितलं. त्या तडक सर्जनकडे गेल्या.

"रक्त थांबलंय. मला आधी तुकडा बघू द्या. जंतू निघाला तर औषध देऊन पाहू."

"आणि पुन्हा रक्त आलं तर?"

"तर त्या क्षणी कापा. मी आड येणार नाही."

सर्जन नाइलाजानेच तयार झाले.

मी दुर्बिणीतून नानांच्या जठराचा कणभर तुकडा काढला. वेळ गेला की जंतूची हालचाल मंदावते, म्हणून मॅडम दारातच उभ्या होत्या. बाटली मुठीत धरून, पदर खोचून त्या व्हरांड्यातून अशा धावल्या की रांगेतली माणसं भिंतीला चिकटली. पाठोपाठ आरोळी आली, "या, या, आधी या!"

मी पाहिलं. वाकडे, इवलेसे जीव, सरळ घुसत, मध्येच वळत, पुन्हा सुसाट. माझ्याही अंगावर काटा आला. मॅडमनी नानांनाही व्हीलचेअरवरून आणवलं.

"हाऊ मना पोटमा ऱ्हास?" नाना डोळा न हलवता बघत राहिले. मग म्हणाले, "गर्दीमातून गाडी काढस. ड्रायव्हर पक्का शे!"

मॅडम इतक्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला.

पुढे त्याच तुकड्याची रंगवलेली काच त्यांनी मला दाखवली. "हे बघा. जंतू वरवर आहे तिथं त्याच्याशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तुरळक. आणि इथं तो ग्रंथींच्या तोंडात खोल शिरलाय, तर केवढी दाटी! शरीर कशानं भडकतं? जंतू आहे म्हणून, की तो चालत कुठवर पोचला म्हणून?"

"एका माणसाच्या पोटावरून कसं सांगणार?"

"नाहीच सांगता येणार!" त्या आनंदानेच म्हणाल्या. "आणि एवढ्या पेशी जमूनही तो वर्षानुवर्षं मरत नाही. उलट त्या झटापटीत पोटच सोलवटतं. काय विलक्षण आहे हो हे!"

औषध सुरू झालं. एके दिवशी नाना घाबरेघुबरे होऊन आले. "मॅडम, जीभ काळी व्हई गई! विख चढनं का?"

मॅडमनी टाळी वाजवली. "अहो, त्या गोळ्यांचा रंग आहे! म्हणजे नियमित घेताय. शाब्बास!"

दीड-दोन महिन्यांनी मी पुन्हा दुर्बीण घालून तुकडा काढला. जखम भरली होती. मॅडमनी ताजी काच लावली आणि बराच वेळ बघत राहिल्या. या वेळी त्यांनी कुणाला हाक मारली नाही. मीच जवळ गेलो.

"काहीच हलत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. डोळे भरले होते आणि हसतही होत्या. रंगवलेली काच तयार झाली तेव्हा मात्र पुन्हा उसळल्या. "जंतू नाही, तरी पेशी अजून जमलेल्या! यांना कोण सांगणार, संपलं म्हणून?"

नाना गाडीवर रुजू झाले. त्यानंतर सर्जन अल्सरचा रुग्ण आधी मॅडमकडे पाठवू लागले. स्वतःही येऊन स्टुलावर बसत.

काही वर्षांनी मॅडम निवृत्त होऊन जळगावला गेल्या, आणि तिथूनच एका उन्हाळ्यात त्या वारल्याचा निरोप आला. जंतूच्या चालण्याचा तो प्रश्न त्यांच्यापुरता तसाच राहिला.

त्या धुळं सोडून निघाल्या तो दिवस मला लख्ख आठवतो. आम्ही एसटी स्टँडवर पोचवायला गेलो होतो, नाना सामान चढवायला आले होते. कंडक्टरला बजावत होते, "मॅडमले पुढे बसाड." गाडी सुरू झाली, तशा त्या खिडकीतून बाहेर झुकल्या आणि आम्हाला काहीतरी समजावून सांगू लागल्या. इंजिनच्या घरघरीत एक शब्द ऐकू येईना. सर्जन कानामागे हात धरून थोडं अंतर धावलेसुद्धा. गाडी पारोळ्याच्या रस्त्याला वळली, तरी खिडकीबाहेर त्यांचा हात गरगर फिरतच होता.