विसांत एक शिवप्पा

जळकोटचा शिवप्पा अंगानं रेड्यासारखा, बोलायला मात्र भलता कंजूष. निजामाच्या राज्यात तो विहिरी खोदणाऱ्या टोळीत होता आणि त्याचं काम एकच, दोर ओढायचा. खाली रसूल पहारीनं खडक फोडी, धोंडा दोराला बांधी आणि हाळी देई. वर चौघं ओढत. पाचव्याला रसूल दोराजवळ फिरकू देत नसे. "चौघांत कोण ढिला पडला ते मला खालनं कळतंय," म्हणायचा, आणि तिथूनच शिव्या हासडायचा. शिवप्पानं मात्र त्याची शिवी कधी खाल्ली नव्हती, आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

सत्तेचाळीसच्या उन्हाळ्यात गावच्या विहिरीचं काम रेंगाळलं. तालुक्याहून अंमलदार पाहणीला येणार म्हणताच पाटलाची गाळण उडाली. तळाशी एक थोराड धोंडा अडून बसला होता. "फोडतो, दोन दिस द्या," रसूल म्हणाला. पाटलाला दोन दिवस कुठले? त्यानं बेगारीला माणसं धरून आणली; शिवप्पा धरून वीस झाली. "चौघं तुकडे काढत्यात, तर वीस जण अख्खा काढतील!" असल्या हिशेबाचा मला अजून संताप येतो.

सगळ्यांत दांडगा म्हणून शिवप्पा दोराच्या शेवटाला. रसूलनं खाली धोंड्याला दोर बांधून हाळी दिली, आणि धोंडा अर्ध्यावर आला. समोर एकोणीस पाठी दिसत होत्या. एवढे आहेत की, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं हात सैल सोडले, घाम पुसण्यापुरते. तेच आणखी किती जणांच्या मनात आलं, देव जाणे. दोर सरसर मागं पळाला. खाली रसूलला सरकायलाही जागा नव्हती.

पंचनाम्यात विसाच्या वीस जणांनी सांगितलं, आम्ही जीव तोडून ओढत होतो. शिवप्पानंही तेच सांगितलं. कुणाचंच काही चुकलं नाही आणि माणूस मेला. पाटील सुटल्यासारखा घरी गेला.

चौथ्या दिवशी शिवप्पा रसूलच्या बायकोच्या, सायराबीच्या दारात जाऊन उभा राहिला. ती इद्दतीत, नवऱ्यामागच्या सुतकात बसलेली, म्हणून पडद्याआडूनच बोलली.

"भाभी, म्या हात ढिला सोडला."

तिनं आतून विचारलं, "का वो?"

"वाटलं, बाकीचे हायत."

"आन् त्येंना वाटलं, तुमी हाव," सायराबी म्हणाली.