हेमक्काची सूर्यदुर्बीण

आमच्या विद्यापीठाला पैशांची चणचण आहे, हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. आधी वर्गातले खडू कमी झाले, मग जिन्यातले दिवे, मग माणसं. जो निवृत्त होईल त्याची खुर्ची आवरायची आणि त्याचे तास उरलेल्यांच्या गळ्यात मारायचे, असं बरीच वर्षं चाललं. आवरायला खुर्च्याही उरल्या नाहीत तेव्हा वरून ठरलं, की जयनगरचं आमचं छोटं, जुनं आवार बंद करायचं आणि सगळ्यांनी शहराबाहेर, विमानतळाजवळच्या देवनहळ्ळीच्या मोठ्या आवारात जायचं. याला त्यांनी 'विलीनीकरण' असं भारदस्त नाव दिलं. मी मूळची पुण्याची, गणित शिकवते. या दोन्ही कारणांनी मला एरवीही पुष्कळ गोष्टी खटकतात, पण ही फारच खटकली. मी पंधरवडाभर चिडून होते.

हेमक्का चिडली नाही. ती म्हणाली, "जायचं की गं. तिथं विमानं दिसतात म्हणे खिडकीतनं."

हेमक्का म्हणजे प्राध्यापक हेमलता हुक्केरीकर, आमच्या जयनगरच्या भौतिकशास्त्र विभागाच्या प्रमुख. माहेर संकेश्वरचं, वडील शिंपी, घरात मराठी आणि शाळेत कन्नड. लग्न होऊन बंगळूरला आली ती इथलीच झाली. शिपायापासून कुलसचिवांपर्यंत सगळे तिला अक्का म्हणतात, म्हणून मीही म्हणते. पुण्यात कुणा विभागप्रमुखाला मी ताईसुद्धा म्हटलं नसतं. वाक्य मराठीत सुरू करून कन्नडमध्ये संपवायची तिला सवय आहे, आणि मधलं सगळं हसण्यात जातं.

तिचा जीव होता गच्चीवरच्या दुर्बिणीत. लांबलचक नळीची, पितळी चाकांची, आमच्या सगळ्यांपेक्षा वयाने मोठी. हेमक्काचे यजमान मकरंद सरकारी कारखान्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेले. दुर्बिणीचं मोडलेलं तीन पायांचं तिकाटणं त्यांनी घरी सांधून दिलं होतं. या दुर्बिणीतून डोळा लावून कुणी बघायचं नाही. ती सूर्याकडे रोखायची आणि मागे पांढरा पुठ्ठा धरायचा, की त्यावर सूर्य उतरतो, बशीएवढा, अंगावरच्या काळ्या डागांसकट. दर शनिवारी सकाळी आमच्या आवाराचं फाटक उघडं असे आणि ज्याला यायचं तो गच्चीवर येई. भाजीची पिशवी घेऊन बायका येत, फिरायला निघालेले पेन्शनर येत, शाळेची मुलं येत.

सगळ्यांत नेमाने येई कृष्णाबाई. जयनगरच्या बाजारात ती फुलं विकते. तीही संकेश्वरजवळच्या हुक्केरीकडची, त्यामुळे हेमक्काशी तिची मराठी चाले. पुठ्ठ्यावरचे डाग तिने पहिल्यांदा पाहिले तेव्हा हेमक्काने तिला समजावलं, की तिथला भाग आजूबाजूपेक्षा जरा थंड असतो म्हणून काळा दिसतो. कृष्णाबाईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तीट लावलीय त्याला. एवढी माणसं रोज बघत्यात, नजर लागंल की." तेव्हापासून ती आली, की आज तीट कुठे आहे ते आधी बघे. एखाद्या शनिवारी डाग नसला तर ती दिवसभर अस्वस्थ असे.

तर विलीनीकरणाचा नियम असा होता: जी वस्तू दोन्ही आवारांत आहे, तिच्यातली नवी ठेवायची आणि जुनी मोडीत काढायची. दोन ठिकाणी एकच वस्तू सांभाळायला पैसा नाही. हे ठरवणाऱ्या समितीचे प्रमुख होते देवनहळ्ळीचे भौतिकशास्त्राचे प्रमुख, नागराज सर. ते आमच्याकडे आले, वह्या-पेन सांभाळत गच्चीवर चढले, दुर्बिणीभोवती एक फेरी मारली आणि हळू आवाजात कन्नडमध्ये म्हणाले, "अक्का, दुर्बीण आमच्याकडे आहे. नवी आहे. हिचं काही करता येणार नाही."

"सरी," म्हणजे बरं, एवढंच हेमक्का म्हणाली. मग त्यांना कॉफी दिली. ते गेल्यावर मात्र ती बराच वेळ पितळी चाकं पुसत बसली. मी तिथेच होते. "मी येत्या उन्हाळ्यात रिटायर होतेय, यशू," ती म्हणाली. "मला मोडीत काढा, हरकत नाही. हिला काढायला नको होतं." तिचे डोळे भरले होते आणि ते तिने लपवले नाहीत. मला नागराज सरांचा इतका राग आला, की त्या दिवशी मी वर्गात विनाकारण अवघड गणितं घातली.

मग आयुधपूजा आली. बंगळूरमध्ये नवरात्रातल्या या दिवशी रिक्षापासून संगणकापर्यंत सगळ्या यंत्रांना गंध लागतं, बसगाड्यांना केळीचे खुंट बांधतात आणि प्रत्येक कचेरीच्या दारात कोहळा फुटतो. यंदा काटकसर म्हणून दोन्ही आवारांची एकच पूजा ठेवली, देवनहळ्ळीला. कोहळाही एकच.

कृष्णाबाई दरवर्षी दुर्बिणीसाठी शेवंतीचा हार देई. इथे फुलं मोळाने विकतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं माप. गिऱ्हाइकाला ती हात जरा आखडूनच माप देते, मी स्वतः पाहिलंय, पण दुर्बिणीचा हार मोजतच नसे. यंदा हार देताना तिने विचारलं, "ह्यो कुणाला?"

"तिथल्या नव्या दुर्बिणीला," हेमक्का म्हणाली.

कृष्णाबाईला ते आवडलं नाही, पण हार तिने परत घेतला नाही.

देवनहळ्ळीला पोचलो तर आवार चकाचक, मोठमोठी मोकळी दालनं, आणि बहुतेकांत काहीच नाही. इमारतींना पैसे मिळाले होते, आत भरायला मिळाले नव्हते. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत कोपऱ्यात एक भलं मोठं लाकडी खोकं होतं. त्याच्यावर गंध, हळद आणि कुंकवाचे थरावर थर चढले होते. फटींमध्ये जुन्या प्रसादाचे कुरमुरे अडकले होते.

"ही आमची दुर्बीण," नागराज सर म्हणाले.

"खोक्यात?" मी विचारलं. माझा आवाज जरा वरच लागला असावा.

सरांनी शांतपणे सांगितलं. दुर्बिणीसाठी गच्चीवर घुमट बांधायचा होता. दरवर्षी ते घुमटासाठी पैसे मागत आणि दरवर्षी ते नेमके कापले जात. भोवती सगळीकडे बांधकामं, शेतांचे प्लॉट पडतायत, हवेत नुसती धूळ. उघड्यावर काढली तर भिंगांची माती होईल, म्हणून त्यांनी खोक्याला हात लावू दिला नव्हता. पूजा मात्र एकाही वर्षी चुकवली नव्हती. "फार मोठी असणार," ते अभिमानाने म्हणाले. "चौघांना हलत नाही."

पूजा सुरू झाली. संगणकांना गंध लागलं, तराजूंना लागलं, प्रिंटरला लागलं. खोक्याची पाळी आली तेव्हा सरांनी गंधाची वाटी मानाने हेमक्काच्या हातात दिली. हेमक्का खोक्यासमोर उभी राहिली आणि तिचा हात थांबला.

आता इथे मला तिच्या वडिलांबद्दल सांगायला हवं. संकेश्वरला ते दसऱ्याला शिलाई मशीनची पूजा करायचे, पण आधी मशीनवर एक टाका घालायचे. चालत्या यंत्रालाच गंध, असा त्यांचा नेम. हेमक्काने तोच आमच्या प्रयोगशाळेत आणला होता. जे यंत्र त्या दिवशी सुरू करून दाखवता येत नाही, ते आधी दुरुस्त करायचं, मग त्याला कुंकू. आमच्याकडचा एक जुना पंप कितीतरी वर्षं कोऱ्या कपाळाने बसला होता.

"सर, स्वल्प उघडूया की," हेमक्का म्हणाली. "नुसतं बघूया. न चालवता गंध लावायला माझा हात धजत नाही."

"पूजेला बसलेलं यंत्र विजयादशमीपर्यंत हलवत नाहीत, अक्का," नागराज सर म्हणाले.

"पूजा कुठं झालीय अजून? वाटी माझ्या हातातच आहे."

दोन्ही आवारांतली माणसं गोळा झाली होती आणि खरं सांगायचं तर त्या सगळ्यांनाच ते खोकं उघडायला हवं होतं. पटाशी आली, फळ्या निघाल्या, गवताचा भुसा निघाला, आणि आतून बाहेर आला एक ग्राइंडर. हॉटेलात असतो तसा, इडलीचं पीठ वाटायचा, दोन धोंड्यांचा, चकचकीत स्टीलचा.

मग हळूहळू उलगडा झाला. आवार बांधायला काढलं तेव्हा वसतिगृहही व्हायचं होतं, त्याच्या स्वयंपाकघरासाठी हा घेतलेला. वसतिगृह काटकसरीत गेलं, दुर्बिणीची मागणीही त्याच काटकसरीत गेली, पण ते कुणी कुणाला कळवलं नाही. दुर्बिणीची वाट बघणाऱ्या विभागात एक जड खोकं येऊन पडलं आणि सगळ्यांनी ते दुर्बीण म्हणून पुजलं.

मी हसणारच होते. हसायची पूर्ण तयारी झाली होती, इतक्या दिवसांचा राग त्यात निघाला असता. पण मी नागराज सरांकडे पाहिलं. ते त्या धोंड्यांकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावरचं सगळं अवसान गेलं होतं. हा माणूसही इतकी वर्षं एका दुर्बिणीची वाट बघत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. माझं हसू जिरलं.

हेमक्काच्या ते माझ्याआधी लक्षात आलं होतं. तिने वाटी खाली ठेवली, पूजेच्या तबकातला छोटा चौकोनी आरसा उचलला आणि म्हणाली, "सर, जरा बाहेर या."

व्हरांड्याच्या टोकाला ऊन होतं. तिने आरसा उन्हात धरला आणि कवडसा लांबवर, अंधाऱ्या बोळाच्या शेवटच्या भिंतीवर पाडला. आरसा चौकोनी, पण भिंतीवर पडला तो पांढरा, स्वच्छ गोल.

"सूर्य," नागराज सर म्हणाले. कवडसा पुरेसा लांब पडला, की आरशाचा आकार पुसला जाऊन सूर्याचाच उरतो, हे त्यांना माहीत होतंच. हा धडा त्यांनी कित्येकदा शिकवला होता. पण ते बोळातून चालत भिंतीपर्यंत गेले, त्या गोलाला तळहात लावला आणि तिथेच उभे राहिले. मागून बाकीचे गेले. सगळ्यांना आपापल्या हातावर सूर्य घ्यायचा होता, त्यात पूजा राहिली आणि प्रसाद वाटायचाही राहिला.

परत आल्यावर सर म्हणाले, "अक्का, नियम काय आहे? दोन्हीकडे असेल तर एक मोडीत काढायची. आमच्याकडे तर नाहीच." मग म्हणाले, "तुमची आणा. घुमट नाही, पण गच्ची आहे. मी रोज झाकून ठेवीन."

हेमक्काने मान डोलावली. मग ग्राइंडरची वायर भिंतीत लावून तिने बटण दाबलं. धोंडे गरगर फिरायला लागले. "चालतोय की," ती म्हणाली, आणि त्याला ठसठशीत गंध लावलं. कृष्णाबाईचा हार मात्र तिने पिशवीतच ठेवला. संध्याकाळी जयनगरला परत आल्यावर तो जुन्या दुर्बिणीला घातला.

डिसेंबरात दुर्बीण देवनहळ्ळीला गेली. मकरंदकाका टेंपोत तिच्या शेजारी बसून गेले, कुणावर विश्वास नको म्हणून. ग्राइंडर कँटीनला मिळाला, आणि शनिवारी सूर्य बघायला येतील त्यांच्यासाठी इडल्या करायच्या असं नागराज सरांनी जाहीर केलं. पहिल्या शनिवारी इडल्या झाल्या, चटणी झाली, पुठ्ठ्यावर सूर्यही झकास उतरला. माणसं मात्र आली नाहीत. त्या मोकळ्या माळावर शनिवारी सकाळी कोण येणार? सुरक्षारक्षक येऊन बघून गेला, तेवढाच. हेमक्का पुठ्ठा धरून उभी होती. दुर्बीण वाचली होती, पण बघायला कुणी नव्हतं, आणि तिचा उतरलेला चेहरा मला बघवेना. मी उगाच इडल्यांना नावं ठेवत होते.

ऊन चांगलं चढल्यावर जिन्यात बायकांचा गलका ऐकू आला. पुढे कृष्णाबाई, मागे बाजारातल्या भाजीवाल्या आणि नेहमीच्या दोन-तीन पेन्शनरणी. मॅजेस्टिकला बस बदलून आल्या होत्या. "आम्हा बायकांना सरकारी बस फुकट हाय," कृष्णाबाई धापा टाकत म्हणाली. "वेळ तेवढा जातोय." तिच्या हातात शेवंतीचा हार होता.

हार तिने लगेच घातला नाही. आधी पुठ्ठ्यापाशी गेली, वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. कडेला, डाव्या बाजूला, एक काळा डाग होता.

"एवढ्या लांब आणलाय," ती म्हणाली, "म्हटलं, तोच हाय का बघून यावं."

"मग?" हेमक्काने विचारलं.

"तोच हाय," कृष्णाबाई म्हणाली. "आपला जयनगरचाच."

मग तिने दुर्बिणीला हार घातला, आणि नागराज सर सगळ्यांसाठी इडल्या आणायला खाली गेले.