पाठीवरचं शून्य

"शून्य," सर म्हणाले.

मी स्टुलावर बसले होते. पाठ त्यांच्याकडे, तोंड भिंतीकडे. अंगात मागून उघडा असलेला कागदी गाऊन. पाठीवरची पट्टी नुकतीच ओढून काढली होती आणि तिच्याखालची जागा नुसती पेटली होती. सरांच्या हातात दिवा. बाजूला मॅडम पेन घेऊन उभ्या.

"सर, फार जळजळतंय," मी म्हणाले.

"जळजळीचा कॉलम नाही हो आपल्याकडे. लाली आहे का, तेवढं बघतो आपण." मग मॅडमकडे वळून, मी तिथं नसल्यासारखं, "यांच्यावर काही दिसायचं नाही. निसर्गानंच ओव्हरकोट चढवून पाठवलंय."

मॅडम हसल्या. पेन चाललं.

आपली पाठ आपल्याला दिसत नाही. तिच्यावर काय आहे ते दुसऱ्यानं सांगायचं आणि आपण ऐकायचं. मी ऐकलं. गाऊन ओढून घेतला, "थँक यू सर" म्हणाले आणि बाहेर आले. थँक यू कशाबद्दल, ते मला आजही कळलेलं नाही.

हडपसरच्या एका तपासणी लॅबमध्ये मी ज्युनियर अॅनालिस्ट आहे. बाजारात येणारं रसायन, साबण, क्लीनर माणसाच्या कातडीला भाजतं का, पुरळ आणतं का, हे आम्ही बघतो. पूर्वी हे सशांच्या पाठीवर बघायचे. आता लॅबमध्ये वाढवलेल्या मानवी कातडीच्या नखाएवढ्या चकत्या येतात. त्यांच्यावर थेंब टाकायचा, ठरल्या वेळानं धुवायचा आणि मग एक रंगद्रव्य घालायचं. पेशी जिवंत असतील तर गडद जांभळा रंग येतो. मेल्या असतील तर फिकट. मला हे काम आवडायचं. चकतीला कुणी आडनाव विचारत नाही.

मला विचारलं होतं. पहिल्याच दिवशी, डबा खाताना. "मूळचे कुठले तुम्ही?" मॅडम म्हणाल्या. मी विश्रांतवाडी म्हणाले. "नाही, मूळचे." माझ्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा ते मूळ मागं टाकलं होतं. मी तसं सांगितलंही. मॅडम "अच्छा, अच्छा" म्हणाल्या. त्यानंतर त्यांनी माझ्या डब्यातलं कधी काही घेतलं नाही, आणि मीही पुढे केलं नाही.

तर हे क्लीनर. निळ्या रंगाचं, हाउसकीपिंगवाल्यांसाठी, म्हणजे ऑफिसांच्या फरश्या आणि संडास धुणाऱ्यांसाठी. माझी आई हेच काम करते, हडपसरमधल्याच एका आयटी पार्कात. म्हणून नमुना आला तेव्हा मी जरा जास्तच लक्ष घातलं. चकत्या मीच लावल्या होत्या. रंग ना धड जांभळा, ना धड फिकट. कातडी जाळत नव्हतं, पण सौम्य म्हणावं असंही नव्हतं. काठावरचं. कंपनीला मात्र डब्यावर 'त्वचेला सौम्य' असं छापायचं होतं. मग ठरलं की क्लीनर पाण्यात पातळ करून माणसांवर लावून बघू. पाठीवर पट्टी चिकटवायची, दुसऱ्या दिवशी काढायची, किती लाल झालंय ते बघून आकडा द्यायचा. शून्यापासून चारपर्यंत.

"सशाला समितीची परवानगी लागते," सर एकदा म्हणाले होते. "माणसाचं बरं असतं. सही पुरते."

मागच्या वर्षी अशीच एक चाचणी होती, चेहऱ्याच्या क्रीमची. स्टाफमधून माणसं हवी होती. कर्वेनगरकडून येणाऱ्या दोघी मैत्रिणींबरोबर मीही नाव दिलं. मॅडमनी माझा दंड उजेडात धरला आणि सोडला. "नको. यांच्यावर लाली वाचता येत नाही." सगळ्यांसमोर. काळी असल्याची लाज मला शाळेत वाटायची, ती कॉलेजात गेली होती. त्या दिवशी परत आली.

आणि या वेळी सर स्वतः माझ्या टेबलापाशी आले. "या खेपेला तुम्ही हव्या आहात." मला बरं वाटलं हो. खरंच बरं वाटलं. घेतलं बाबा एकदाचं, असं वाटलं. त्या दोघी गोऱ्या मैत्रिणींना मात्र सरांनी "तुमची स्किन सेन्सिटिव्ह आहे, राहू द्या" म्हणून काढलं.

पट्ट्या लावायच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. बाकीच्या बायका ठेकेदाराकडून आणलेल्या होत्या. मी बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. सगळ्या माझ्यासारख्या. एक उजळ बाई नाही. गेल्या वर्षी ज्या कातडीवर काही वाचता येत नव्हतं, तीच कातडी वेचून वेचून गोळा केलेली. कारण या वेळी वाचायचंच नव्हतं.  उठून जावं असं वाटलं. पण नोकरी होती, घराचा हप्ता होता आणि सर दारात उभे होते. माझं नाव पुकारलं तशी मी आत गेले.

पट्टी निघाली, शून्य मिळालं, ते वर सांगितलंच.

संध्याकाळी घरी आले. पाठ टेकवता येत नव्हती. आई नुकतीच कामावरून आली होती. तिला म्हटलं, जरा बघ गं. तिनं ट्यूबलाइटखाली मला वळवलं, ब्लाउज खाली केला.

"दिसत तर काय नाही."

मला रडूच फुटलं. म्हणजे आईलासुद्धा दिसत नाही. म्हणजे खरंच काही नसेल. म्हणजे माझंच नाटक.

मग तिनं तळवा ठेवला. कामानं चिरा पडलेला, खरखरीत तळवा. ठेवला आणि लगेच उचलला.

"अगं, तापलंय की. आणि सुजलंय. हे बघ, इथनं इथपर्यंत." तिनं बोटानं कडा फिरवून दाखवली. "काय लावलंस तू पाठीला?"

मी सांगितलं नाही. लहानपणी ताप आलाय का ते ती अशीच कपाळाला हात लावून बघायची, थर्मामीटर घरात नव्हता. बी.एस्सी. झाले, एवढी वर्षं कातडीचं काम करतेय, आणि हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

ज्या बायकांना पट्ट्या एक दिवस उशिरा लावल्या होत्या, त्यांच्या दुसऱ्या दिवशी निघायच्या होत्या. मॅडम रजेवर. सरांनी पेन माझ्या हातात दिलं. "मी सांगतो, तुम्ही लिहा," म्हणाले.

पहिली आली ती जवळच्या मांजरी गावातली एक मावशी, माझ्या आईच्या वयाची. पट्टी काढताना तिनं दात आवळले. स्टुलावर बसल्या बसल्या मान वळवून मला म्हणाली, "लई जळतंय गं बाई. रातभर डोळा न्हाय लागला. पर काल पट्टी लावताना हितं म्हनले, काय व्हनार न्हाय म्हून."

सरांनी दिवा धरला. दोन सेकंद. "शून्य."

मी पेन टेकवलं नाही. हातमोजा काढला आणि मावशीच्या पाठीवर हात ठेवला. चटका बसावा इतकी गरम जागा. कडेनं चांगली टरारलेली. तिचा श्वास सुटला, एवढंच.

"सर, तापलंय. सूज आहे. हात लावून बघा."

"हात लावायची पद्धत नाही आपल्याकडे. आपण डोळ्यांनी वाचतो."

"एकदा लावून तर बघा, सर."

त्यांच्या हातात मोजे होते. दोन्ही हातांत, नवे कोरे. पाठ त्यांच्यापासून वीतभर लांब होती. त्यांनी हात मागं घेतला, खिशात घातला आणि म्हणाले, "लिहा. शून्य."

तेव्हा माझ्या अंगातून काहीतरी सरकन गेलं. आजोबा सांगायचे, गावात त्यांच्या हातावर पाणी वरून ओतायचे, हातभर अंतर ठेवून. मला ते जुन्या काळातलं वाटायचं. ते अंतर इथं होतं, एसीत, पांढऱ्या दिव्याखाली, माझ्या डोळ्यांसमोर. 

"मी शून्य लिहिणार नाही," मी म्हणाले.

"मग काय लिहिणार?"

"दोन. आणि काल माझ्या पाठीवरही दोन होतं."

सर चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत. "आपण जरा बाहेर बसता का?" म्हणाले. मला. आपण. मी पेन टेबलावर ठेवलं आणि बाहेर बसले. सरांनी लॅबमधल्या एका मुलाला आत बोलावलं. दार बंद व्हायच्या आत त्यानं मावशीचं शून्य लिहून टाकलेलं मी बघितलं. मावशी बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि पदर सावरत जिन्याकडे गेली. मी तिच्यासाठी काही करू शकले नव्हते. ते तिला माहीत होतं.

पुढचं सगळं नेहमीसारखं झालं. मी क्वालिटीच्या साहेबांना मेल केली. उत्तर आलं, वाचन ठरलेल्या पद्धतीनुसारच झालेलं आहे. अगदी बरोबर. पद्धतीनुसारच झालं होतं. सोमवारपासून मला चकत्यांच्या टेबलावरून काढून काचेची भांडी धुवायला बसवलं. "थोडी विश्रांती घ्या," सर म्हणाले. त्या दोघी मैत्रिणी जेवताना दुसऱ्या टेबलावर बसायला लागल्या. कुणी वाईट बोललं नाही. पुण्यात वाईट बोलत नाहीत, अहोजाहो करून बाजूला ठेवतात.

निळे डबे बाजारात आले. डब्यावर हिरवं पान आणि त्याखाली 'त्वचेला सौम्य'. हे मला दुकानात जाऊन बघावं लागलं नाही. आईच्या हातांवर दिसलं. म्हणजे दिसलं नाहीच, लागलं. चहाचा कप घेताना तिची बोटं माझ्या बोटांना लागली, तापलेली, सुजलेली, आणि मी कप खाली ठेवला.

"नवीन लिक्विड आलंय," आई म्हणाली. "सुपरवायझर म्हणतो, सौम्य हाय, ग्लोव्हजची गरज नाही. ग्लोव्हज देणं बंदच केलं."

मग मी तिला सगळं सांगितलं. स्टूल, दिवा, ओव्हरकोट, मावशी. ती ऐकत राहिली. शेवटी तळवे उलटे करून मांडीवर ठेवले आणि म्हणाली, "मग मी काय करू? काम सोडू?"

  दुसऱ्या दिवशी तिला हातमोजे आणून दिले. सुपरवायझरनं सगळ्यांसमोर विचारलं, "एवढं नाजूक कधीपासून झालात?" तिनं ते पिशवीत ठेवून दिले.

आज सकाळी लॅबमध्ये नवीन चाचणी लागली आहे. त्याच कंपनीचं, पिवळं लिक्विड. मी जिथं भांडी धुते तिथून बाहेरचा बाक दिसतो. बाकावर बायका बसल्या होत्या. पुन्हा सगळ्या माझ्यासारख्या. त्यांच्यात ती मांजरी गावची मावशीही होती.

लावलेली पट्टी कुणालाही कधीही काढून टाकता येते. हा नियम आहे, लॅबचाच, सहीच्या इंग्रजी कागदावर छापलेला. तो या बायकांना कुणी सांगत नाही. मी ओल्या हातांनी बाहेर गेले आणि सांगितला. मराठीत, दोनदा. सर काचेपलीकडून बघत होते. मावशी म्हणाली, "काढली तर पुन्यांदा बोलावत्याल का?" मी खरं ते सांगितलं. नाही बोलावणार. नाव पुकारलं तशी ती आत गेली. तिचंही घर आहे.

मला कळतंय की मी काही थांबवू शकणार नाही. पिवळे डबेही येतील, त्यांच्यावरही पान असेल.

पण उद्या पट्ट्या निघतील तेव्हा मी न बोलावता आत जाणार आहे. माझी पाठ त्यांना पुन्हा मिळणार नाही. माझा हात मात्र मिळेल. मोजा न घालता तो मी एकेका बाईच्या पाठीवर ठेवणार आहे, आणि पाठ तापलेली असेल तर तापलेली आहे असं त्या बाईला सांगणार आहे, सरांच्या तोंडावर, खणखणीत आवाजात. मग त्यांनी काय लिहायचं ते लिहावं. मला काढायचं असेल तर काढावं. त्या खोलीत शून्य आहे असं मी पुन्हा ऐकून घेणार नाही.